चार गिअर की पाच?

५ नोव्हेंबर

दिवाळी आटोपली. पॉलिटेक्निक उघडायला अजून थोडा अवकाश आहे, म्हणून बुलेट आज कोल्हापूरच्या उद्यमनगरात मामांच्या गॅरेजला नेऊन लावली. गाडी १९७३ ची, ३५० सी.सी., चार गिअरची. उजव्या पायात गिअर, डाव्या पायात ब्रेक. तक्रारी दोन. चढाला तिसऱ्यात थ्रॉटल पिळला की गिअर सुटतो आणि इंजिन मोकळं ओरडतं. दुसरी तक्रार, क्लच घसरतो. ती किकवरून कळली. बुलेटची किक गिअरबॉक्सला असते, तिचा जोर क्लच आणि प्रायमरी चेनमधूनच इंजिनापर्यंत जातो. क्लच धरत नसेल तर पाय नुसता खाली जातो आणि इंजिन जागचं हलत नाही.

इचलकरंजीच्या मित्राकडे पाच गिअरचा डबा, म्हणजे गिअरबॉक्स, पडून आहे. अपघातात गेलेल्या, २००० नंतरच्या बुलेटचा. "पडून गंजण्यापेक्षा तुझ्या गाडीत घाल," म्हणतो. मामांना विचारलं. ते म्हणाले, "बसतंय की! पर बसणं येगळं आन् चालणं येगळं."

त्यांनी आधी गिअरबॉक्सचं बाहेरचं कव्हर काढलं. आत गिअर बदलणाऱ्या यंत्रणेची एक पट्टी असते, दोन बोल्टांवर. बोल्ट सैल करून ती जराशी फिरवता येते आणि गिअर पूर्ण लागतो की अर्धवट, हे तिच्यावर ठरतं. सुंठीवाचून खोकला जातोय का, ते बघायचं होतं. पट्टी सरकवून चक्कर मारली. तिसरा तरीही सुटला. म्हणजे दुखणं आत आहे.

६ नोव्हेंबर

आज प्रायमरी उघडली. डाव्या बाजूचं हे मोठं ॲल्युमिनियमचं कव्हर मधल्या एकाच नटावर उभं असतं. नट काढला, खाली तसराळं धरलं, काळं ऑईल निघालं. ऑईलला जळका वास होता, क्लच प्लेटांचा.

आतली मांडणी डोळ्यांखालून घालावी अशी आहे. पुढे इंजिनाच्या क्रँकवर छोटं स्प्रॉकेट, त्याच्या बाहेर अल्टरनेटरचा रोटर, रोटरभोवती स्टेटर. मागे क्लचचा ड्रम. दोघांना जोडणारी दुपदरी चेन अखंड असते, तिला लॉक नसतं. म्हणून पुढचं स्प्रॉकेट, चेन आणि क्लच हे तिन्ही एकदमच बाहेर काढावे लागतात. रोटर आणि स्टेटरमध्ये सगळीकडून सारखी फट लागते, म्हणून त्यांच्या खुणा आधीच करून ठेवल्या. जे लोक जुन्या इंजिनावर नव्या गाडीची प्रायमरी चढवतात, त्यांच्या गळ्यात तिच्याबरोबर विजेचं कामही पडतं, ते अल्टरनेटर प्रायमरीतच बसलेला असतो म्हणून.

दाते मोजले. पुढे २५, क्लचला ५६. गिअरबॉक्समधून बाहेर येणाऱ्या स्प्रॉकेटला १६ आणि मागच्या चाकाला ३८. हे शेवटचं स्प्रॉकेट ब्रेकच्या ड्रमलाच एकसंध आहे. त्यामुळे बुलेटचं गिअरिंग बदलायचं झालं तर मागे हात घालता येत नाही. सगळी गंमत त्या १६ दात्यांच्या तुकड्यात आहे आणि तो क्लचच्या मागे दडलेला असतो.

चेन आवळायची सोयही वेगळीच. बऱ्याच जुन्या इंग्लिश गाड्यांत प्रायमरी चेन सैल पडली की गिअरबॉक्स मागे सरकवतात. बुलेटमध्ये तो सरकत नाही. तो इंजिनाच्या पाठीला चार स्टडनी घट्ट बसतो. अंतर कायमचं ठरलेलं, म्हणून चेनखाली एक वाकडी पट्टी ठेवून तिनेच ताण द्यायचा. हे चार स्टड लक्षात ठेवायला हवेत, कारण डबे बदलण्याचा सगळा खेळ त्यांच्यावरच चालतो. इंजिन न खोलता डबा उतरतो आणि दुसरा चढतो.

८ नोव्हेंबर

डबा बेंचवर. आतून ग्रीस आणि ऑईलचा काळा लगदा निघाला. या डब्यात पहिल्यापासून पातळ ग्रीस घालण्याची पद्धत. नुसतं ऑईल घातलं की ते जागा मिळेल तिथून बाहेर येतं. रॉकेलने धुतल्यावर गिअर दिसू लागले.

दुखणं दिसलं. तिसऱ्या गिअरच्या अंगावरचे डॉग, म्हणजे शेजारच्या गिअरच्या खाचेत अडकणारे चौकोनी उंचवटे, कडेला गोल झालेत. धारदार कड असेल तर ओढ पडल्यावर दोन्ही गिअर एकमेकांना आणखी घट्ट धरतात. कड गोल झाली की तीच ओढ त्यांना दूर ढकलते. म्हणून सपाटीवर गिअर टिकतो आणि चढावर सुटतो. सिलेक्टर फोर्कही एका बाजूने खाल्लेला आहे. ले शाफ्टचे बुश सैल. शाफ्ट हाताने हलवला तर जाणवण्याइतका हलतो.

मामांनी माळ्यावरून पोतं काढलं. त्यात १९९० नंतरच्या चार गिअरच्या बुलेटचे गिअर होते. आमच्या शाफ्टवर तिसरा चढवून पाहिला, सहज बसला. वीस वर्षांनी लहान गाडीचा गिअर १९७३ च्या शाफ्टवर! मी तेवढाच एक गिअर घ्यावा म्हणत होतो. मामांनी मान हलवली. "जोडीतला एक नवा, एक जुना घातला की बोंबलतंय ते. महिन्यात नवा बी खाऊन टाकतंय."

हे गणितानेही पटतं. समोरासमोरचे दोन गिअर एकमेकांत झिजतात आणि दोघांच्या दात्यांची घडण एकमेकांना सरावते. शिवाय दोन शाफ्टांतलं अंतर ठरलेलं असल्यामुळे जोडीतल्या दात्यांची बेरीजही ठरलेली असते. वेगळ्या सालच्या वेगळ्या संचातला एक गिअर उचलला तर बेरीज चुकण्याचा धोका. म्हणून तिसऱ्याची जोडी एकाच पोत्यातली, फोर्कसह घ्यायची ठरली.

९ नोव्हेंबर

गिअर इतक्या वर्षांनीही बसतो यामागे इतिहास आहे. हा डबा मुळात बर्मिंगहॅमच्या अल्बियन कंपनीच्या घडणीचा. तिथल्या कित्येक छोट्या मोटारसायकल कंपन्या स्वतः गिअरबॉक्स न बनवता अल्बियनचाच घेत. बुलेट तयार व्हायची इंग्लंडमधल्या रेडिचला. भारत सरकारने १९५० च्या दशकात सैन्यासाठी ३५० सी.सी. बुलेट मागवल्या आणि १९५५ मध्ये मद्रास मोटर्सच्या भागीदारीत एनफिल्ड इंडिया उभी राहिली. मद्रासजवळच्या तिरुवोट्टियूरच्या कारखान्यात आधी विलायती सुटे भाग जोडले जात. पुढे यंत्रं आणि साचेही आले आणि १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला सगळी गाडी तिथेच बनू लागली. इकडे रेडिचचा कारखाना १९६७ मध्ये बंद पडला आणि १९७० पर्यंत इंग्लंडमधलं उत्पादनच संपलं. मूळ घर मिटलं, पण मद्रासला तेच साचे चालू राहिले. १९७७ पासून मद्रासची बुलेट उलट इंग्लंडला जाऊ लागली.

कारखान्याला डिझाईन बदलण्याची घाई नव्हती, म्हणून १९७३ चा शाफ्ट आणि १९९० नंतरचा गिअर आज एकमेकांना ओळखतात. जपानी गाड्यांत हे सुख नाही. तिथे मॉडेल लवकर बदलतं आणि आतलंही पुष्कळ बदलतं.

आटे मात्र फसवतात. जुन्या बुलेटवर काही नट व्हिटवर्थचे, काही इंग्लिश सायकल थ्रेडचे, आणि नंतरच्या गाड्यांत मेट्रिक शिरलेले. सायकल थ्रेडला इंचाला २६ आटे. दिसायला सारखा वाटणारा बोल्ट दोन फेरे बिनबोभाट जातो आणि तिसऱ्या फेऱ्याला ॲल्युमिनियमचे आटे उपटून काढतो. नव्या गाडीचा भाग घेताना त्याचे नट-बोल्टही त्याच गाडीचे घ्यावेत, वेगळ्या डबीत. मामांच्या बेंचवर त्यासाठी चहाचे कप आहेत आणि प्रत्येक कपावर खडूने खूण.

१३ नोव्हेंबर

इचलकरंजीचा डबा आला. पोत्यात बांधून, एस.टी.च्या टपावरून. चार स्टडांच्या भोकांवर तो सरळ बसतो, ते मामांनी लगेच दाखवलं. मग त्याच्या अटी एकेक करून समोर येऊ लागल्या.

पहिली अट स्प्रॉकेटची. चार गिअरच्या डब्याचं स्प्रॉकेट पाचाच्या डब्यावर चढत नाही. दुसरी क्लचची आणि प्रायमरीच्या आतल्या कव्हराची. दोन्हीची मापं नव्याने जुळवून पाहावी लागणार. तिसरी अट सगळ्यांत मोठी. हा डबा डाव्या गिअरचा आहे. अमेरिकेने १९७० च्या दशकात गिअर डाव्या पायात आणि ब्रेक उजव्या पायात सक्तीचा केला. जगभरच्या कंपन्या तिकडे वळल्या आणि २००० नंतर बुलेटही वळली. पण माझ्या गाडीत डाव्या फूटरेस्टपुढे ब्रेकचा पेडल आहे, तिथून सरळ रॉड मागच्या डाव्या ड्रमला जातो. गिअर डावीकडे आला तर ब्रेक उजवीकडे न्यायला हवा आणि त्याचा जोर पुन्हा डावीकडे आणायला फ्रेममधून आडवा दांडा. म्हणजे वेल्डिंग. उजव्या गिअरचाही पाचाचा डबा मिळतो, तो घेतला तर ही भानगड टळते. पण मित्राकडे आहे तो हा.

एक गोष्ट जाईल ती वेगळीच. चारच्या डब्याला टाचेखाली न्यूट्रलचा छोटा लिव्हर असतो. दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या कुठल्याही गिअरमध्ये असा, क्लच दाबून टाचेने ढकललं की थेट न्यूट्रल. सिग्नलला ज्याने वापरलाय त्यालाच त्याचं मोल. पाचाच्या डब्याला तो नाही.

१४ नोव्हेंबर

रात्री आकडेमोड केली. आम्हा पॉलिटेक्निकच्या माणसांना कागदावर दाते फिरवण्याची हौस.

इंजिन ते क्लच ५६ भागिले २५, म्हणजे २.२४. डबा ते चाक ३८ भागिले १६, म्हणजे २.३७५. दोन्हींचा गुणाकार ५.३२. चारच्या डब्यात टॉप थेट जातो, एकास एक. म्हणून टॉपमध्ये इंजिनाच्या ५.३२ फेऱ्यांना चाकाची एक फेरी. चाकाचा घेर खडूची खूण करून अंगणात मोजला, २.०५ मीटर. म्हणजे १००० आर.पी.एम.ला ताशी सुमारे २३ किलोमीटर. ताशी ८० ला इंजिन साडेतीन हजारांच्या जवळ जातं. १७ दात्यांचं स्प्रॉकेट लावलं तर ८० ला सव्वातीन हजार. १८ लावलं तर तीन हजार आणि वर थोडं. हायवेला १८ चा मोह होतो तो यासाठी.

आता खालचं टोक. चारच्या डब्याचा पहिला गिअर २.७८. तो १६ च्या स्प्रॉकेटवर एकूण १४.८ देतो, १८ वर १३.१. पाचाच्या डब्याचा पहिला ३.०६. प्रायमरी तीच धरली तर १८ वर १४.५. म्हणजे पाचाचा डबा आणि १८ दाते मिळून खाली जवळजवळ जुन्या पहिल्या गिअरचाच जोर देतात आणि वर टॉप लांब करतात. चारच्या डब्यावर नुसतं १८ चढवलं तर वरचं मिळतं आणि खालचं जातं. कारखान्याने पाचवा गिअर का आणला, हे या दोन ओळींत कळतं. गिअरबॉक्स आणि स्प्रॉकेट ही एकाच हिशेबाची दोन टोकं आहेत.

मधल्या पायऱ्याही पाहिल्या. चारच्या डब्यात २.७८, १.८४, १.३६ आणि १. तिसऱ्यातून टॉपला जाताना इंजिनाचा वेग चौथ्या हिश्शाहून जास्त पडतो. पाचाच्या डब्यात शेवटची उडी १.२१ वरून १, म्हणजे सहाव्या हिश्शाच्या आसपास. घाटात हा फरक जाणवणार. पण ३४६ सी.सी.चं, १८ हॉर्सपॉवरचं हे लांब स्ट्रोकचं इंजिन खालून ओढतं. चार गिअरांवर त्याचं भागतं, फक्त घाई करायची नाही.

१७ नोव्हेंबर

शेजारच्या बेंचवर गडहिंग्लजहून आलेली जावा आहे. टाकीवर जावा, पोटात येझदीचं इंजिन. दोन्ही मैसूरच्या आयडियल जावाचीच अपत्यं. कारखाना १९६१ ते १९९६ चालला आणि तिथेही जुन्या-नव्याचं पुष्कळ जुळतं. पण एक फरक मोठा. जावाचं इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच केसिंगमध्ये. किकचा दांडाच पुढे वळवला की गिअरचा होतो, इतकं सगळं एकत्र. तिथे गिअरबॉक्स बदलणं म्हणजे केसिंग बदलणं, केसिंग बदलणं म्हणजे इंजिन नंबर बदलणं. त्या मालकाच्या आर.सी.वर एक नंबर, गाडीवर दुसरा. आता आर.टी.ओ.च्या पायऱ्या झिजवतोय.

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चा रोख याच गोष्टीवर आहे. नोंदणी प्रमाणपत्रातली माहिती कारखान्याच्या मूळ माहितीशी विसंगत होईल असा बदल मालकाने करायचा नाही. बुलेटचा इंजिन नंबर क्रँककेसवर असतो, गिअरबॉक्स वेगळा. डबा बदलला तरी नंबर जागच्या जागी.

माझ्या गाडीला आणखी एक नियम लागू पडतो. जुलै २०२१ च्या अधिसूचनेने पन्नास वर्षांवरच्या दुचाकी-चारचाकींना व्हिंटेज नोंदणीची वाट मोकळी केली. नंबरात व्ही.ए. अक्षरं, शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं, पुढच्या नूतनीकरणाला ५,००० रुपये. अट अशी की गाडी मूळ रूपात राखलेली हवी. चॅसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरबदल नको. गाडी आता त्या वयाची आहे. ब्रेकच्या दांड्यासाठी फ्रेमला वेल्डिंग केलं तर हे दार मी स्वतःच्या हाताने लावून घेईन.

ठरलं. पाचाचा डबा माझ्या गाडीत नाही. चारचाच डबा नीट करायचा, नव्या चारच्या गाड्यांचे भाग घालून.

२१ नोव्हेंबर

दिवसभर लेथवर. शिवाजी उद्यमनगरात सकाळी तुकडा घेऊन जावं आणि संध्याकाळी वस्तू घेऊन यावी, ही सोय कोल्हापूरच्या माणसाला इतकी अंगवळणी पडलीय की तिची किंमत बाहेरगावी गेल्यावरच कळते. फाउंड्री, टर्निंग, मिलिंग, हार्डनिंग, सगळं चालत जाण्याच्या अंतरावर.

काम बुशांचं. स्प्रॉकेट ज्या स्लीव्ह गिअरवर बसतं, त्याच्या पोटात बुश असतात आणि त्यांतून मेन शाफ्ट फिरतो. टॉप सोडून बाकी सगळ्या गिअरमध्ये शाफ्ट आणि स्लीव्ह वेगवेगळ्या वेगाने फिरतात, म्हणून झीज तिथे. टॉपमध्ये दोन्ही एकत्र बांधले जातात आणि बुशला विश्रांती मिळते. हे बुश सैल झाले की स्प्रॉकेट डुलतं, ऑईल सील कितीही नवा घाला, गळती थांबत नाही. बाजारातले तयार बुश आमच्या शाफ्टला ढिले, कारण शाफ्टच थोडा झिजलाय. टर्नरने आधी शाफ्ट मापला, मग गनमेटलचे बुश त्या मापाने केले. दोन थाऊ, म्हणजे इंचाचे दोन हजारांश, मोकळे ठेवले आणि बसवल्यावर रीमर फिरवला. बुश दाबून बसवला की आतून आवळतो, म्हणून शेवटचं माप बसवल्यानंतरच घ्यायचं.

२६ नोव्हेंबर

डबा बांधला. क्लचच्या प्लेटा नव्या, स्प्रिंगा तिन्ही एकाच संचातल्या. क्लच दाबून किक हलकेच फिरवली आणि प्रेशर प्लेट डुलते का पाहिलं. जिथे डुलली तिथला स्क्रू अर्धा फेरा इकडे-तिकडे. तिन्ही सारख्या आवळल्यात असं मोजून चालत नाही, प्लेट सरळ उचलली गेली पाहिजे.

मग मागची चेन. जुनी चेन "अजून वर्षभर जाईल" असं तीन माणसांनी सांगितलं. पट्टी लावली. बुलेटच्या मागच्या चेनचा पिच पाच-अष्टमांश इंच, १५.८७५ मिलिमीटर. वीस पिच म्हणजे साडेबारा इंच. ताणून धरलेल्या आमच्या चेनचे वीस पिच पावणेतेरा इंचांच्या पुढे गेले. दोन टक्क्यांहून जास्त वाढ. अशी चेन नव्या स्प्रॉकेटवर चढवली तर एकेका दात्यावर सगळा भार पडतो आणि नवं स्प्रॉकेट जुन्या चेनच्या मापाने झिजू लागतं. नवी चेन घेताना पिच सारखा असला तरी रुंदी तपासावी. वेगळ्या मॉडेलची रुंद चेन दात्यांवर बसते, पण बाजूने हेलकावते.

मागच्या हबमधले रबरी ठोकळे बदलले. ड्रम आणि हब यांच्यात हे रबर असतं, गिअर टाकताना बसणारा झटका तेच गिळतं. ते दगड झालं की झटका थेट डब्यापर्यंत जातो आणि माणसं गिअरला दोष देतात.

मामांनी १८ चं स्प्रॉकेट काढलं. "सगळी पोरं हेच लावत्यात. घालून तर बघू." घातलं.

४ डिसेंबर

१८ दात्यांवर पन्हाळा. रस्ते उसाच्या ट्रॉल्यांनी भरलेत. केर्लीपर्यंतच्या सपाट रस्त्यावर गाडी छान निवांत चालली, साठ-सत्तरला इंजिन काम करतंय असं वाटेना. तिसरा सुटला नाही.

वाघबीळपासून चढ. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून अठराशे फुटांच्या आसपास, पन्हाळा एकतीसशेच्या वर. मामा मागे बसलेले. तिसऱ्यात ताशी ४० ला इंजिन एकवीसशेवर घुसमटू लागलं, दुसऱ्यात टाकलं की ओरडू लागलं. मधला गिअरच नाही. वळणावर उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर, वेग ताशी आठ-दहा. पहिल्यात क्लच पूर्ण सोडला तर इंजिन साडेआठशेवर येतं, म्हणजे आयडलला, आणि धक्के देऊ लागतं. त्यामुळे ट्रॉलीच्या मागे सारा वेळ क्लच अर्धा दाबून. वर पोचलो तेव्हा नव्या प्लेटांचा वास येत होता. मामांनी पिठलं-भाकरी खाताना निकाल दिला. "पुण्या-मुंबईला रोज जायचं असलं तर ऱ्हाऊ दे. हितं न्हाई चालायचं."

१० डिसेंबर

स्प्रॉकेट बदलायचं म्हणजे पुन्हा तो एक नट, पुन्हा ऑईल, रोटर, चेन, क्लच. १७ चं घातलं. टॉपला एकूण ५.०१, पहिल्याला १३.९.

१४ डिसेंबर

१७ वर तोच रस्ता, तेच मामा, तशाच ट्रॉल्या. पहिल्या गिअरमध्ये क्लच सोडून ट्रॅक्टरमागे चालता येतं. तिसरा चढावर धरून ठेवतो. सपाटीवर ८० ला सव्वातीन हजार, त्यात या इंजिनाला त्रास नाही. डब्याखाली रात्री पुठ्ठा ठेवला होता, सकाळी कोरडा.

२१ डिसेंबर

इचलकरंजीच्या डब्याला गिऱ्हाईक मिळालं. जयसिंगपूरचा एक तरुण, त्याची बुलेट १९९० नंतरची, रोज सांगलीला जा-ये करणारा. त्याला टॉप लांब हवा आहे आणि व्हिंटेज नोंदणीची चिंता त्याला अजून बरीच वर्षं नाही. अपघातातल्या गाडीचा ब्रेक पेडल, आडवा दांडा, क्लच, प्रायमरीचं आतलं कव्हर, स्प्रॉकेट असा सगळा संच मित्राने बरोबर दिला. म्हणून त्याच्या गाडीत हा डबा शोभेल. माझ्या गाडीत तोच डबा सुटा आला असता.

२००८-०९ पासून बुलेटच्या घराण्यात इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच केसिंगमध्ये आले. ते चार स्टड संपले आणि त्याबरोबर ही अदलाबदलही संपली. त्यामुळे १९५५ ते २००९ या काळातल्या गाड्यांचे डबे, गिअर, शाफ्ट जितके जपले जातील तितक्याच जुन्या बुलेट रस्त्यावर राहतील.

ज्यांच्याकडे अशी गाडी आहे त्यांनी एवढं पाळावं. गिअर बदलायचा तर जोडीने बदला. चेन बदलायची तर पट्टी लावून मापा, आणि नवी घेतलीत तर डब्याचं स्प्रॉकेटही नवं घ्या. डबा बदलायचा तर ज्या गाडीचा आहे तिचा सगळा संच मिळत असेल तरच हात घाला. स्प्रॉकेटचे दाते आपल्या रोजच्या रस्त्यावरून ठरवा, दुसऱ्याच्या हायवेवरून नको. जो बदल नट-बोल्टांनी होतो तो परत फिरवता येतो. फ्रेमला वेल्डिंग लागणारा बदल मात्र करू नका. आणि काढलेला प्रत्येक मूळ भाग ऑईल लावून, साल लिहून माळ्यावर ठेवा.